अंगणातला खड्डा अन् आईच्या पायऱ्या

न्हाय म्हणजे न्हाय, आईच्या बाथरूमला पायरी नको. महिनाभर हेच सांगतोय, अन् आज सकाळी परत तेच.

आईचे गुडघे गेलेत. आमचं संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर, म्हणून खाली जिन्याशेजारी नवं काढलंय. मी इकडं सुरतला. मिस्त्रीनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. संडासचा जुना खड्डा घरामागं, अन् मागची जागा उंच. पाण्याला उतार मिळायचा तर फरशी दोन पायऱ्या वर घ्यावी लागंल म्हणे.

म्या वडलांना म्हणलं, "अण्णा, मग पुढं अंगणात नवा खड्डा घ्या. तिकडं आपसूक उतार हाय."

अण्णा तापले. "दारापुढं संडासचा खड्डा? वर वास जायला स्लॅबपर्यंत पाइप? येरमाळ्याच्या यात्रेला पाव्हणे येतेत, त्यांना पाइप दाखवू?"

"दाखवा की. पाइप उंच असला की वास खाली येत न्हाय."

"तिथं बसून तुला लई कळतंय."

तेवढ्यात मागून आई बोलली, "भांडू नका रे. वर चढायला नको म्हणून मी दिवसभर पाणीच कमी पिते. चाललंय माझं."

मग अण्णा मिस्त्रीला म्हणले, "अंगणातली तुळस जरा बाजूला घ्यावी लागंल."

महिनाभर उतारावर भांडलो, अन् आईचं हे आज कळलं. याचाच राग येतोय.

कुणाच्या अंगणात असा खड्डा असंल तर सांगा, पाइप स्लॅबच्या किती वर घेतलाय? मिस्त्री उद्या खांदायला लागतोय. आत्ता अठरा हजार पाठवतोय.