टाळी मागणारी

विहिरीवर रोज भेटणारी ती बाई बोलता बोलता टाळीसाठी हात पुढे करायची. बायकांच्या हक्कांच्या चळवळीत झेंडा घेऊन ती मोर्च्याच्या पुढे चालली होती. नवऱ्याला आता दुसरी बायको करता येणार नाही, असा कायदा झाल्याचं मास्तरांनी सांगितलं, तेव्हा आळीभर गूळ तिनंच वाटला.

तिला मूल नव्हतं. आठवड्यानं ती टाळी न मागताच म्हणाली, "सासू म्हणती, 'एकच बायको ठिवायची, तर पोरं हुतील अशी ठिवू. तू जा म्हायेरी.' सवत आली असती तर कोपऱ्यात मी ऱ्हायले तरी असते. तू चौथी शिकलीस नव्हं? सांग की, ह्यो कायदा कुणासाठी केला?"

तिच्या डोक्यावर घागर चढवून मीच टाळीसाठी हात पुढे केला. पण तिचे दोन्ही हात घागरीला होते.