पोटाला हात लावू नका

परभणीच्या डॉक्टरांनी माझ्या सासूच्या हातावर फाडकन चापट मारली. "दाबू नका म्हणून दोनदा सांगितलं ना," ते म्हणाले.

सासू बिचारी माझ्या लेकीच्या पोटातला गोळा नेमका कुठे लागतो ते दाखवत होती. मानवतच्या आमच्या गल्लीत तिच्या हाताला गुण आहे असं सगळे मानायचे. कुणाच्या लेकराचं पोट दुखलं की ती एरंडेल लावून चोळून द्यायची, वायगोळा मोडायची. माझ्या सोनीचं पोटही ती कितीतरी दिवस चोळत होती.

सोनी तेव्हा तीन वर्षांची होती. सोनोग्राफी, म्हणजे पोटावर यंत्र फिरवून आतलं चित्र बघतात ती तपासणी, झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "विल्म्स ट्यूमर वाटतो. लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर. औरंगाबादला ऑपरेशन करून काढता येतो, मूल वाचतं. पण तोवर तो फुटता कामा नये. फुटला तर पोटभर पसरेल. या पोटाला कुणालाही हात लावू देऊ नका."

कॅन्सर हा शब्द ऐकून मी रडले नाही. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून सगळ्यांचाच आला.

त्यांनी सोनीची जीभ बघितली, पाय मोजले. जन्मापासून जीभ मोठी आणि डावा पाय उजव्यापेक्षा जाड. अशा मुलांचं पोट वरचेवर तपासून घ्यावं लागतं, असं ते म्हणाले. आम्हाला कोण सांगणार? आमच्या घरी कारण ठरलेलं होतं. मी शिवणकाम करते. गरोदरपणी डाव्या पायाचा जोर देऊन मशीन मारलं, म्हणून पोरीचा डावा पाय जाड. तीन वर्षं मी हे ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं.

घरी आल्यावर खरी मारामारी सुरू झाली. जो येईल त्याला गोळा चाचपून बघायचा होता. मी कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन खाटेजवळ बसले. हात पुढे आला की गज बसायचा. शेजारच्या शकुंतलाबाईंच्या बोटांवर असा बसला की त्या महिनाभर बोलल्या नाहीत. सून येडी झाली, असं गल्लीत झालं. होऊ दे म्हटलं.

एके दिवशी मी पाणी भरायला गेले तेवढ्यात माझे दीर, भास्कर भाऊजी, डाग देणाऱ्याला घेऊन आले. मी परतले तेव्हा चुलीत खुरपं लाल झालं होतं आणि भाऊजींनी सोनीचे पाय धरले होते.

"वयनी, एकच डाग देतोय. गोळा जागच्या जागी जळतोय," ते म्हणाले.

मी खुरपं मुठीकडून उचललं आणि त्यांच्या हातावर टेकवलं. कातडी जळाल्याचा वास आला. डाग देणारा वहाणा टाकून पळाला. भाऊजी ओरडत होते, सोनी किंचाळत होती. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पुन्हा पेटला होता. ज्यांनी विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती ते त्याच्या नावासाठी डोकी फोडत होते, गरिबांच्या वस्तीवर राग काढत होते. सोनीचे वडील रेल्वेत, पूर्णेला. ते दवाखान्यात खाट मिळवायला आधीच औरंगाबादला गेले होते. मी सोनीसाठी गोधडीची जाड बंडी शिवली आणि पोटावर जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, खोलगट ताटली उपडी बसवली, कडांना कापूस गुंडाळून. सासूला घेऊन मिळाली ती एसटी पकडली.

गावाबाहेर रस्त्यावर टायर जळत होते. गाडी हळू झाली आणि पहिला दगड समोरच्या काचेवर आला. काचा अंगावर सांडल्या. लोक दाराकडे रेटायला लागले. मी सोनीला सीटखाली घालून तिच्यावर वाकले. फुटलेल्या खिडकीतून सासूला घोळक्यात हाताला फडकं बांधलेला आपलाच लेक दिसला. त्याच्या दुसऱ्या हातात दगड होता.

"भास्कऱ्या, मार. तुझी पुतणी हाय आत, मार," ती खिडकीत उभी राहून म्हणाली.

त्यांचा दगड हातातच राहिला. पण बाकीचे दगड कुणासाठी थांबतात? एक माझ्या कोपरावर बसला, हाड मोडलं. ड्रायव्हरनं गाडी तशीच पुढे काढली. माझा तो हात अजून सरळ होत नाही. ताटलीला मात्र पोचाही आला नव्हता.

ऑपरेशन थिएटरबाहेर आम्ही सकाळपासून बसून होतो. सर्जन बाहेर आले. "अखंड निघाला," एवढंच म्हणाले. तेव्हा मी रडले, हात गळ्यात बांधलेला, नाकही पुसता येईना.

नंतर केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरची औषधं शिरेतून. केस गेले, ओकाऱ्या झाल्या. त्याच फेऱ्यांत एकदा सासूनं डॉक्टरांना मशीनचं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्याकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बहुतेक वेळा दोन्ही चालतात. काहींवर मात्र जन्माआधीच शिक्का बसतो आणि एकच चालते. त्याला इम्प्रिंटिंग म्हणतात. एच-नाइन्टीन नावाचा असा एक जीन आहे. त्याची बापाकडची प्रत गप्प असते, आईकडची बोलते. ती वाढीला लगाम घालत असावी. ती गप्प झाली, तर पाय वाढतो, जीभ वाढते, कधी कॅन्सरही होतो. संशोधन अजून नवं आहे. तुमच्या सोनीचं तसं झालं असावं, तपासायची सोय इथे नाही."

"मंजी हिच्याकडून आलं," सासू म्हणाली.

"नाही. आईनं दिलं ते चांगलंच होतं. गर्भात त्याला चुकून कुलूप लागलं. मशीनचा संबंध नाही, कुणाचाच दोष नाही."

सासू स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाली, "म्या चोळलं, त्यानं वाढला का?"

"त्यानं वाढला नाही. पण फुटला असता."

मानवत येईपर्यंत ती दोन्ही हात पदराखाली धरून बसली.

सोनी आता शाळेत जाते. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतो. तुमच्या लेकराचा एक हात किंवा पाय जाड असेल, जीभ मोठी असेल, पोटात गोळा लागत असेल, तर चोळू नका, डागू नका, डॉक्टरांकडे न्या. वाटेत जे आडवे येतील त्यांना आवरा. परभणीच्या त्या चापटीची मी ऋणी आहे.

मागच्या आठवड्यात शकुंतलाबाई नातवाला घेऊन सासूकडे आल्या. "आत्याबाई, पोट फुगलंय, जरा चोळून द्या," म्हणत त्यांनी सदरा वर केला आणि कुठे लागतं ते दाबून दाखवायला गेल्या. माझ्या सासूनं त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली. मग मला हाक मारली आणि म्हणाली, "मशीन बंद कर. हिच्यासंगं परभणीला जा. आन् ताटलीची बंडी घाल लेकराला."