जीप उंच केली तेव्हा

उंचीवर गेलेल्या माणसाची दृष्टी विशाल होते, असे मी एकेकाळी मनापासून मानत असे. उंच केलेल्या जीपमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा नव्या ग्रीसचा उग्र वास नाकात भरला होता, उन्हाने तापलेले स्टेअरिंग तळहातांना चटके देत होते, आणि माझ्या विशाल दृष्टीला दिसली ती शेजाऱ्याच्या पत्र्यावर वाळत टाकलेली फाटकी गोधडी.

जीप मूळची नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पारोळ्याजवळच्या आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला तरी ही चारही चाकांच्या जोरावर चिखल तुडवत बाहेर येई. सकाळी कपाशी पाहायला निघताना नानांनी दुखरा गुडघा हाताने उचलून आत घ्यायचा, डाव्या सीटवर बसून उपरणे सावरायचे, आणि मगच मी किल्ली फिरवायची, असा घरचा दंडक. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचा दिवस त्या सीटवर उजाडत असे.

मग धुळ्यात एका वरातीपुढे मी उंच केलेल्या जीपगाड्यांची रांग पाहिली. इतरांच्या डामडौलाला हसण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला स्वतःचा डामडौल ओळखू येऊ नये, ही केवढी गंमत!

धुळ्याचे रहीमभाई निष्णात कारागीर. जीपखाली पाठीवर पडूनच ते म्हणाले, "भाऊ, स्प्रिंगचे पाटे उंच केले की स्टेअरिंगचा दांडा तिरपा होतो. मग दर खड्ड्यात गाडी आपल्या मनाने वळते. लोक उंची वाढवतात अन् दांडा तसाच सोडतात. वरून दिसत नाही ना तो!"

"दांडा सरळ करा. कसर नको," मी म्हणालो.

त्यांनी स्टेअरिंगच्या पेटीखालचा, दांड्याला ओढणारा लोखंडी हात बदलून अधिक खाली वाकलेला बसवला, लांब शॉकअप घातले, दोरी ताणून चाकांचा कल मोजला. शेवटी हात पुसत विचारले, "हिच्यात बसतं कोण?"

"मीच." इतके घाईचे उत्तर मी आयुष्यात दुसरे दिलेले नाही.

दारात नारळ फुटला. रिवाजाप्रमाणे नाना आधी. त्यांनी दांडी धरली, पाय उचलला; तो पायरीपर्यंत पोहोचलाच नाही. पुन्हा उचलला. समोरच्या ओट्यावरून सुकलाल ओरडला, "नाना, शिडी आनू का?" गल्ली हसली, नानाही हसले. मी धावत जाऊन प्लॅस्टिकची खुर्ची आणली, आणि ते तर शिडीहून वाईट झाले. खुर्चीकडे, मग माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "गाडी देखाले चांगली शे. तू जाय, माले घर काम शे."

घरी त्यांना काहीही काम नव्हते.

रस्त्यावर जीप सुतासारखी सरळ धावली. खड्ड्यातही स्टेअरिंग थरथरले नाही. दांड्याचा कोन, चाकांचा कल, सारे आम्ही मोजले होते; एका गुडघ्याचा कोन तेवढा राहून गेला. लोखंडाची एवढी काळजी वाहणाऱ्याला शेजारचा माणूस कसा दिसू नये? महिनाभर नाना शेतात गेले नाहीत. कपाशीला बोंडे धरली, ती मी त्यांना फोनमध्ये दाखवली. चष्मा पुसून ते "बरं" म्हणाले. मग एके सकाळी, कोणाला न सांगता, चौकातल्या रिक्षाने एकटेच शेतात जाऊन आले.

तेव्हा मी रहीमभाईंकडे परतलो. आमचे जुने पाटे भंगारात गेले होते. त्यांनी तसलेच दुसरे शोधून बसवले, स्टेअरिंगचा हातही पूर्ववत केला. "मी विचारलं होतं, भाऊ," एवढेच बोलले.

खाली आलेली जीप दारात उभी करून मी नानांना हाक मारली. ते चपला घालून बाहेर आले, बॉनेटवरून हात फिरवला आणि चौकाकडे चालू लागले. "आते रिक्षानी सवय पडी गयी," म्हणाले.

रिक्षाचा तळ जमिनीपासून दीड वीत उंच आहे. मी मोजला.