पडदा गुंडाळण्याआधी

माझे आजोबा सिनेमात होते, असं मी कुवेतला आल्यावर ज्याला-त्याला सांगायचो. ऐकणारा डोळे मोठे करायचा, कुठल्या सिनेमात म्हणून विचारायचा, आणि मग मला खरं सांगावं लागायचं. सिनेमात नव्हे हो, सिनेमाच्या शेजारी. पडद्याच्या डाव्या बाजूला, हातात वेताची छडी घेऊन उभे.

हे आईचे वडील. मूकपटांच्या काळात एक तंबूवाला कोकणात जत्रा-बाजार बघून तंबू ठोकायचा, आणि आजोबा त्याच्याबरोबर फिरायचे. चित्रं हलायची, पण बोलायची नाहीत. मधूनमधून पाटी यायची, ती इंग्रजीत. तंबूत बसणाऱ्यांना मराठी वाचायची मारामार, तिथे इंग्रजी कुठलं! म्हणून गोष्ट सांगायला माणूस लागायचा. गंमत अशी की आजोबांनाही त्या पाट्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग काय, बिनधास्त ठोकून द्यायचे. टोपीत पिसं खोवलेली मड्डम पडद्यावर आली, की छडी तिच्यावर टेकवून म्हणायचे, "ही बघा खोताची धाकटी सून, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालीय." खाली बसलेला पेटीवाला लगेच रडके सूर काढायचा, आणि बायका पदराने डोळे पुसायच्या.

या धंद्यात आजोबांचा एकच नियम होता. माणसं घरी पोचवल्याशिवाय पडदा गुंडाळायचा नाही. कारण तंबूत निम्म्याहून जास्त बायकाच. कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत, कुणाचा मुलगा बोटीवर. एकदा म्हणे पडद्यावर जहाज फुटलं, तरणाबांड खलाशी पाण्यात गेला आणि चित्र संपलं. बायका जागच्या हलेनात. आजोबा कोऱ्या पडद्यावर छडी आपटून म्हणाले, "बुडाला कुठे? पोहत पोहत पलीकडच्या बंदराला लागला. तो बघा, ओट्यावर बसून पेज जेवतोय." तेव्हा कुठे बायका उठल्या आणि कंदील घेऊन घरी गेल्या.

पुढे बोलपट आला आणि आजोबांचीच बोलती बंद झाली. ते शेतावर परतले. आई त्यांचं उतारवयातलं शेंडेफळ, तिने तंबू पाहिलाच नाही. पण भात कांडताना, काजू भाजताना ते सगळी चित्रं तिला तोंडी दाखवायचे. म्हणजे माझ्या आईने न पाहिलेले सिनेमे मी तिच्याकडून ऐकले, आणि मला ते आजही दिसतात.

मागच्या वर्षी आई कुवेतला आली. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं धुरकट. गावी माझ्या धाकट्या भावाकडे असते ती. मी इथल्या राई नावाच्या भागात गाड्यांच्या पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर आहे, घर सबाह अल-सालेमला. तिला म्हटलं, आये, एकदा माझा संसार बघून जा. "बघू कशाने?" म्हणाली, पण आली.

एका सकाळी तिला शर्कच्या मासळीबाजारात नेलं. इथले लोक ज्याला झुबैदी म्हणतात त्याच्यावर हात फिरवून म्हणाली, "पापलेटच आहे मेलं, नाव बदलून बसलंय." शेजारच्या बंदरात लाकडी गलबतं उभी होती. दोर करकरत होते. ती कितीतरी वेळ ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "आपल्या जेटीवर अगदी असाच आवाज येतो." मला एकदम इतकं गावाला जावंसं वाटलं की मी उगाच तिच्यावर खेकसलो, चल, ऊन वाढलं.

घरी मी फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचो ते तिच्या कानावर पडायचं. एकदा विचारलंन, "हे सारखं बुकरा बुकरा काय रे?"

"बुकरा म्हणजे उद्या. माल उद्या येईल."

"पण हे तर तू त्याला कालही सांगत होतास."

"इथे असंच असतं, आये."

"मग तुझं गावाला येणं पण बुकराच म्हणायचं," ती म्हणाली आणि लसूण सोलत बसली.

रमजान सुरू झाला. या महिन्यात इथल्या टीव्हीवर रोज मालिका चालतात. त्यातली एक जुन्या काळातली होती, मोती काढायला समुद्रावर जाणाऱ्यांची. एका म्हातारीचा मुलगा गलबतावर गेलाय आणि ती रोज किनाऱ्यावर येऊन उभी राहतेय. आईला चित्र दिसत नव्हतं, भाषा कळत नव्हती, पण लाटा आणि त्या बाईचा आवाज ऐकून तिने मान वळवली. "काय बोलतेय ती?"

आता माझी अरबी म्हणजे गोदामातली. माफी, बुकरा, खलास. नाही, उद्या, संपलं. एवढ्या भांडवलावर मालिका कळते होय? पण आई विचारतेय म्हटल्यावर गप्प कसा बसू? केली सुरुवात. "ती म्हणतेय, माझं पोर निघालं तेव्हा धड जेवलंसुद्धा नव्हतं." आई पुढे सरकून बसली. मग रोजचाच नेम झाला. गलबताचा तांडेल, लबाड व्यापारी, भोचक शेजारीण, सगळ्यांचं मीच बोलायचो. हातात छडी नव्हती, रिमोट होता. माझी मुलगी इथेच वाढलेली, शाळेत अरबी शिकलेली. तिने दोन-तीन दिवस ऐकून घेतलं आणि मग ओरडली, "बाबा, यू आर मेकिंग इट अप!"

"काय म्हणतेय पोर?" आईने विचारलं.

"म्हणतेय, आवाज वाढवा."

मालिका निम्मी झाली आणि आईच्या व्हिसाची मुदत संपली. विमानतळावर तिने माझा हात धरून ठेवला. मला वाटलं, आता विचारणार, तू कधी येतोस. तिने विचारलं, "त्या बाईचा मुलगा येईल ना रे?"

"येईल की. मी फोनवर सांगतो."

शेवटचा भाग मी पाहिला. गलबत आलं, माणसं उतरली, हा उतरलाच नाही. तांडेल म्हातारीजवळ येऊन काहीतरी हळू बोलला. मुलीकडे बघितलं तर तिने नुसती 'नाही' अशी मान हलवली. मी टीव्ही बंद केला.

आईला हे कुठल्या तोंडाने सांगू? नाही सांगितलं. ईद झाली, पुढची ईद झाली, टीव्हीवरची मालिका कधीच संपली, माझी मात्र फोनवर चालूच. गलबत बसऱ्याला गेलं, झांजिबारला गेलं, मलबारात लाकूड भरायला थांबलं. दर शुक्रवारी आईचा पहिला प्रश्न तोच, "आला का रे तो?" पूर्वी ती मला विचारायची, तू कधी येतोस. मी म्हणायचो, बघू, मुलीची बारावी होऊ दे. मग म्हणायचो, बघू, बदली माणूस मिळू दे. मग तिने मला विचारणंच सोडलं. फक्त त्याची चौकशी करायची. मला काय कळत नव्हतं होय? पहिल्या शुक्रवारपासून कळत होतं. फोन ठेवला की जेवण जात नसे. आईकडे जावंसं वाटायचं, लहान पोराला वाटतं तसं, आणि शनिवारी सकाळी मी गोदामात जाऊन कुणालातरी बुकरा म्हणायचो.

परवाच्या शुक्रवारी दुपारी फोन लावला.

"आला का रे तो?"

"गलबत मस्कतला लागलंय, आये. पाणी भरतायत."

"मागे पण मस्कतच होतं."

मी चपापलो. पलीकडे ती हसली, पण हसू नेहमीचं नव्हतं.

"माझ्या बापाची सर तुला यायची नाही. बाबा कधी एवढं ताणायचे नाहीत. रीळ संपत आलं की त्यांना आवाजावरून कळायचं. लगेच माणसं घरी आणायचे." मग म्हणाली, "हल्ली मला उजेडसुद्धा कळत नाही. पोचव बाबा त्याला."

"आला," मी म्हणालो.

"कधी?"

"आत्ताच. गलबत लागलं. उतरला तो."

"आयशीने ओळखलंन? तिला दिसत नाही ना."

मालिकेतल्या म्हातारीला चांगलं लख्ख दिसत होतं. "आवाजावरून ओळखलं," मी म्हणालो.

"मग काय बोलला तो?"

इतके महिने मी सगळ्यांचं बोललो होतो, तांडेलाचं, व्यापाऱ्याचं, शेजारणीचं. या पोराच्या तोंडी एक शब्द घातला नव्हता. समोर मुलगी मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघत होती.

"म्हणाला, आये, भात टाक."

 

"टाकते," आई म्हणाली. "तांदूळ कधी धुऊ, तेवढं सांग. आणि बुकरा म्हणू नकोस."