चौऱ्याहत्तर नंबरचा झेल

क्लीट वाव्रा अकरा वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला, आणि त्या अकरा वर्षांत त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं. त्याचं काम आडवं यायचं. समोरचा तीनशे पौंडांचा गडी आपल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, अंगावर धावून आला, की मध्ये भिंत होऊन उभं राहायचं. हे त्याला लहानपणापासून जमे. नेब्रास्कात घरच्या गोठ्याचं फाटक मोडलं तेव्हा नवं येईपर्यंत क्लीटलाच तिथे उभं केलं होतं, असं त्याची आई आर्लीन शपथेवर सांगायची.

आता अशा भिंतीतल्या, म्हणजे लाइनीतल्या, गड्याने चेंडू झेलायचाच असेल, तर डाव सुरू होण्याआधी मुख्य पंचासमोर जायचं, छातीवरून हात फिरवायचे आणि या डावात मीही झेलणार, असं सांगायचं. न सांगता झेललेला चेंडू बाद.

दुसऱ्या वर्षी कोचने असा एक डाव त्याच्यासाठी रचला होता. क्लीटला इतका आनंद झाला की तो पंचाला ओलांडून थेट जागेवर जाऊन उभा राहिला. चेंडू आला, त्याने झेलला, गोलरेषेपलीकडे सबंध पोल्का नाचला, आणि गिरकी घेताना नियम मोडल्याची खूण म्हणून पंचाने गवतावर टाकलेलं पिवळं फडकं त्याला दिसलं. गुण रद्द. सामना तीन गुणांनी गेला. गावच्या गुत्त्यात दर नाताळात ती फिल्म लावतात आणि फडकं पडायच्या आत बंद करतात. लोक टाळ्या वाजवतात. क्लीट आपल्या ग्लासात बघत बसतो.

त्यानंतर नऊ वर्षं कुणी त्याच्याकडे चेंडू फेकला नाही. गुडघे बोलायला लागले. हा डिसेंबर शेवटचा, असं त्याने कोचला सांगून टाकलं. एक मोजला जाईल असा झेल हवा होता, एवढं मात्र सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

ते काम क्वार्टरबॅक टेव्हिनने केलं. तेवीस वर्षांचं पोरगं. आर्लीन दर आठवड्याला लाइनवाल्यांसाठी जर्दाळू भरलेल्या कोलाचींचा, म्हणजे गोड बनांचा, डबा पाठवायची, त्यातल्या निम्म्या हाच फस्त करी. त्याने कोचला हिशेबच मांडून दाखवला. या मोसमात क्लीट आजोबांना आपण चाळीस वेळा पंचाकडे पाठवलं आणि चाळीसही वेळा नुसतं ढकलायला लावलं. आता त्यांच्याकडे कुत्रंही बघत नाही. कोच गुरगुरला. सामना हातात असला तर बघू म्हणाला.

शेवटच्या सामन्यात, तिसऱ्या सत्रात, संघ दहा गुणांनी पुढे होता आणि गोलरेषा दोन यार्डांवर होती. टेव्हिनने घोळक्यात डाव सांगितला आणि क्लीटकडे बघून डोळा मारला.

क्लीट लगबगीने निघाला. तो पंचाकडे गेला, छाती चोळली, सांगितलं. चार पावलं मागे आला, परत गेला, पुन्हा सांगितलं. मग लांबून आणखी दोनदा छाती चोळली. पंचाने माइकवरून मैदानभर चौऱ्याहत्तर नंबर पुकारला. समोरच्या संघाचा ट्रेमेन, अर्धं आयुष्य क्लीटशी टकरी घेतलेला, खाली वाकत म्हणाला, "आले आजोबा ढकलायला."

"सवय रे बाबा," क्लीट म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला.

डाव सुटला. क्लीटने ट्रेमेनला एकदा ढकललं, पाय घसरल्यासारखं केलं आणि निसटून गोलरेषेपलीकडे गेला. तिथे तो एकटाच होता. टेव्हिनने बाळाला पाळण्यात ठेवावं तसा चेंडू हवेत सोडला. तो यायला किती वेळ लागला, विचारू नका. क्लीटच्या हातांना लागला, छातीवर उडाला, हनुवटीला आपटला, आणि शेवटी क्लीटने त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून सगळं वजन घेऊन त्याच्यावर लोळण घेतली.

उठल्यावर त्याने आधी गवत बघितलं. डावीकडे, उजवीकडे, मागे. मग पंचाला गाठलं.

"मी सांगितलं होतं ना?"

"चार वेळा सांगितलंस," पंच म्हणाला. "धरलाय तुझा झेल. आता जा."

आणि क्लीट गेला. चेंडू काखेत मारून सरळ प्रेक्षकांकडे पळत सुटला, जिथे आर्लीन खुर्चीवर चढून शेजारच्या परक्या माणसाचे कान ओढत होती. वर चढता येईना म्हणून त्याने कठड्यालाच मिठी मारली. आईने वाकून त्याच्या हेल्मेटचा मुका घेतला.

मागून कोचच्या हाका कधीच्या चालल्या होत्या. गुण मिळवणारे नाचत बाहेर जातात, पण लाइनवाल्यांना त्यानंतरच्या जादा गुणाच्या किकसाठी मैदानात थांबावं लागतं. हे अकरा वर्षं केलेलं काम क्लीट साफ विसरला होता. मैदानात संघाची अकराऐवजी दहाच माणसं होती. कोचने चरफडत टाइमआउट घेतला.

"वाव्रा, चेंडू ठेव आणि जागेवर जा!"

क्लीट जागेवर गेला. पण चेंडू ठेवला नाही. बाहेर कुणाच्या हाती द्यायचा, तर भरवसा कुणाचा धरायचा? त्याने तो जर्सीच्या आत पोटाशी कोंबला आणि खाली वाकला. ट्रेमेनने समोरून बघितलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"आजोबा, कितवा महिना?"

क्लीटने पोट सावरलं. तोही हसत होता. किक सुटली तेव्हा ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते, आणि त्यांच्या डोक्यावरून दुसरा चेंडू खांबांमधून पार गेला.