दसऱ्यानंतरचं तिसरं बेअरिंग

१८ नोव्हेंबर. तलासरीच्या आमच्या फुग्यांच्या कारखान्यात फुगे सुकवायच्या ओव्हनच्या पंख्याची मोटर उघडायची होती. दसऱ्यापासून तिसरं बेअरिंग गेलं होतं. देखभाल विभाग माझा, त्यामुळे बोलणी खाणंही माझ्याकडेच.

मॅनेजरसाहेबांनी निकाल आधीच लावला होता. "मॅडम, तुमचा फिटर हातोडीने बेअरिंग ठोकतो. उद्या त्याला घरी बसवा, नाहीतर मी बसवतो."

फिटर जवळच्या गंजाड गावचे, माझ्याच वयाचे, कितीतरी वर्षं माझ्याबरोबर काम केलेले. ते एवढंच म्हणाले, "ताई, ठोकलं असतं तर आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत गेला असता."

वैतागून मी ते बेअरिंग ग्राइंडरने कापायला लावलं. बाहेरच्या कड्याच्या आतून बारीक, एकसारख्या रेघा निघाल्या, पन्हळी पत्र्यासारख्या. ठोकल्याच्या खुणा अशा नसतात. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमुळे शाफ्टवर, म्हणजे तिच्या फिरत्या दांड्यावर, वीज साठते आणि दुसरी वाट नसली की बेअरिंगमधून ठिणग्या पाडत जाते. पण ती जमिनीत उतरावी म्हणून शाफ्टला टेकणारा अर्थिंगचा ब्रश गेल्या वर्षी मीच भांडून बसवून घेतला होता.

टॉर्च मारला. ब्रशचे केस चंदेरी रंगात चिकटून काडीसारखे कडक झालेले. शाफ्टवरही तोच रंग. रंगातून वीज उतरणार कशी? खंडेनवमीच्या पूजेआधी आमच्याकडे सगळी यंत्रं रंगवतात. रंगाचे डबे डहाणूहून मीच आणले होते, आणि यंत्रं काय चमकताहेत म्हणून कौतुकही केलं होतं.

मी फिटरना विचारलं, "दर वेळी हा ब्रश काढून परत बसवलात. रंगाने माखलेला दिसला नाही?"

"दिसला की. पण ब्रश धूळ आत जाऊ नये म्हणून असेल, रंगाने काय बिघडतंय असं वाटलं. कशाला आहे ते कुणी सांगितलंय?"

कुणी म्हणजे मीच. ब्रश बसवला तेव्हा ते रजेवर होते. नंतर सांगायचं राहून गेलं, ते गेलंच. स्वतःचाच इतका राग आला की चहासुद्धा नको वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपरने शाफ्टचा रंग उतरवला. स्टोअरमधला नवा ब्रश फिटरच्या हातात देऊन तो कशासाठी आहे ते सांगितलं, मगच लावायला लावला. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: "पूजेच्या रंगकामात ब्रश निकामी झाला. त्याची माहिती मी फिटरला दिली नव्हती." खाली सही केली आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर उघडं ठेवलं.