माय अबोल नव्हती

“हा फ्रिज फोटोत नको. जरा चादर टाका ना यावर.”

मॅडम म्हणाल्या. आमच्याच घरात, आम्हालाच. अंबरनाथ पश्चिमेला आमची एक खोली. फ्रिज नवा होता. आणला तेव्हा मायनं अख्ख्या गल्लीला सरबत पाजलं होतं. तिनं मुकाट चादर टाकली. मी एकोणीस वर्षांची. बी.ए.ला. तोंडात जीभ होती. हलली नाही.

मॅडम गावाकडून शहरात आलेल्या बायकांवर संशोधन करत होत्या. पेपरातही लिहायच्या. माय उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. तिथंच मॅडमना भेटली. त्या घरी येणार म्हणून तिनं खाडा केला, ठेवणीतली साडी नेसली. मॅडमनी ती बदलायला लावली.

“कामावर जाता तीच नेसा, मावशी. नॅचरल दिसेल.”

मग विचारलं, “गाव का सोडलंत? दुष्काळ?”

माय म्हणाली, “दुष्काळ तर दरसालचाच. त्याला भिऊन न्हाई आले. ही पोरगी दुसरीत होती. बाकीची लेकरं पाढे म्हणत होती, आन् ही एकटी शाळेची मुतारी झाडत होती. आमच्या वस्तीतली म्हणून. मी गेले, तिच्या हातातला झाडू घेतला, गुरुजीच्या टेबलावर ठिवला. म्हनलं, आता तुम्ही झाडा. गावानं ऱ्हाऊ दिलं न्हाई, तिसऱ्या दिवशी गाव सोडलं.”

झाडू मला आठवत होता. तो टेबलावर गेला हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच ऐकत होते.

मॅडमचं पेन थांबलेलं.

“मावशी, ते जातीचं झालं. माझा विषय स्थलांतर आहे. दुष्काळाचं सांगा ना.”

दोन महिन्यांनी पेपरात मायचा फोटो आला. खाली लिहिलेलं: दुष्काळानं हुसकावलेली, शहराच्या कडेला येऊन पडलेली, अबोल.

अबोल! तासभर बोलली होती माझी माय.

तिला वाचता येत नाही. “वाच,” म्हणाली. मी वाचलं. सगळं. ती फोटोकडे बघत राहिली.

“ही कोण बाई हाय?” म्हणाली. “मी तर न्हाई.”

त्याच क्षणी माझ्यात काहीतरी तुटलं. भीड असावी.

पुढं मॅडमचं पुस्तक आलं. बदलापूरला प्रकाशन. मायला बोलावलं, स्टेजवर उभं केलं. मॅडम माइकवर म्हणाल्या, “यांना चार लोकांत बोलता येणार नाही. मीच सांगते.”

मी खाली खुर्च्यांत बसले होते. उठले.

“येतं बोलता. तुम्हाला ऐकता येत नाही.”

माना वळल्या.

“झाडूचं का नाही लिहिलंत, मॅडम?”

“अगं, सगळंच कसं घेणार? काटछाट करावीच लागते.”

“मग तुमचं कापा. आमचं का कापता?”

“ए, खाली बस,” मागून एक माणूस ओरडला. “कार्यक्रम होऊ दे.”

बसले नाही. माय माइकपाशी गेली, त्याला हात घातला. मॅडमनी माइक सोडला नाही. मायनंही हात काढला नाही. तिचा आवाज कारखान्यातला, मशीनच्या खडखडाटावरून जाणारा. माइकशिवायच बोलली. झाडू, गुरुजी, टेबल, सगळं. काही लोक उठून गेले. काही थांबले. आम्ही दोघी ताठ मानेनं बाहेर पडलो.

पुस्तक बदललं नाही. लायब्ररीत आहे. माय त्यात अजून अबोलच आहे. पोरं तेच वाचून परीक्षा देतात.

आता मी वही घेऊन उल्हासनगरच्या कारखान्यांत जाते. बायका बोलतात, मी लिहिते, तिथंच वाचून दाखवते. “हे खोड” म्हणाल्या तर खोडते. “हे ठेव” म्हणाल्या तर कुणाच्या बापाला खोडू देत नाही.

परवा मॅडमचा फोन आला. नवं काम काढलंय. “तुझ्या ओळखीच्या बायका मिळतील का गं?”

“नाही,” म्हणाले.

आम्ही गाव का सोडलं, ते आम्हीच लिहिणार. आणि ज्यांनी सोडायला लावलं, त्यांची नावं गाळणार नाही.